गिरगाव विद्यार्थ्यांना दाखवायचे आहे: काय दाखवावे आणि कसे?

प्रश्न: नाशिककर

नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. येत्या हिवाळ्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा एक गट मुंबईला आणायचा आहे. दरवर्षी आम्ही गेटवे, वस्तुसंग्रहालय आणि फोर्टातल्या दगडी इमारती पाहून परततो. या वेळी मात्र एक संपूर्ण दिवस गिरगावासाठी राखून ठेवावा, असे मनात आहे.

तयारी करताना एक अडचण जाणवते आहे. गिरगावाविषयी वाचायला घेतले की घटनांची लांबलचक यादी हाती येते. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे मंदिर १८७४ पासून इथे उभे आहे. दादासाहेब फाळके यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला आणि भारतातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये लागला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ते गिरगाव चौपाटीच्या वाळूत. ही यादी विद्यार्थी पाठ करतील यात शंका नाही. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज चालत जाता येईल एवढ्या वस्तीत हे सारे का घडले, हे त्या यादीतून उलगडत नाही.

नाशिकच्या जुन्या भागातले वाडे आमच्या मुलांना परिचित आहेत. वाड्यात एक कुटुंब आणि त्याचे आश्रित राहत असत, त्यामुळे त्याची रचना समजावून सांगणे सोपे जाते. गिरगावातल्या चाळी आणि वाड्या मात्र मी स्वतः रस्त्यावरूनच पाहिल्या आहेत. जे तिथे राहिले आहेत किंवा आजही राहतात, त्यांनी या वस्तीचा स्वभाव नेमका कशामुळे घडला आणि तो विद्यार्थ्यांना डोळ्यांनी कुठे पाहता येईल, हे सांगितल्यास मोठी मदत होईल.

उत्तर: वाडीकर

तुमच्या प्रश्नातच योग्य दिशा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माझे बालपण आणि नोकरीची बहुतेक वर्षे फणसवाडी-ठाकूरद्वारच्या परिसरात गेली आणि आजही माझे घर तिथेच आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. मुंबईचा किल्ला हेच शहर होते, तेव्हा गिरगाव त्याच्या बाहेरचा बागायती पट्टा होता. नारळ, आंबे, फणस, केळी यांच्या बागा आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या पायवाटा, असे त्याचे रूप होते. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली आणि त्यानंतर लोकवस्ती झपाट्याने किल्ल्याबाहेर सरकू लागली. पुढच्या शंभर वर्षांत या बागांमध्ये घरे आणि चाळी उठल्या, पण जमिनीची वाटणी पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. ज्या हद्दीत एकाची बाग होती त्याच हद्दीत एक वाडी वसली. म्हणूनच गिरगावातल्या वाडीला बहुधा एक अरुंद तोंड असते, आत गेल्यावर ती रुंदावते, आणि शेवटी एखाद्या भिंतीशी किंवा मागच्या वाडीत निघणाऱ्या बोळापाशी संपते. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत किती बिऱ्हाडे आहेत याचा अंदाज येत नाही. विद्यार्थ्यांना सर्वप्रथम हे दाखवा: जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरचा गोंगाट आणि वाडीच्या तोंडातून वीस-पंचवीस पावले आत गेल्यावर ऐकू येणारे वेगळेच आवाज.

दुसरी गोष्ट चाळीच्या बांधणीची. तीन-चार माळ्यांची इमारत, सागवानी खांब आणि तुळया, मध्ये विटांचे भराव, प्रत्येक माळ्यावर एका ओळीत खोल्या आणि त्यांच्यापुढून जाणारी लांब गॅलरी. बाहेरची खोली, आतली खोली आणि मोरी एवढाच कुटुंबाचा संसार. संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक. खोली इतकी लहान असे की अर्धे जगणे आपोआप गॅलरीत येई. धान्य निवडणे, पाढे म्हणणे, वर्तमानपत्राचे वाचन आणि त्यावरचा वाद, आजारी माणसाची विचारपूस हे सारे गॅलरीतच चाले. जिन्याकडे जाणाऱ्याला प्रत्येक दारासमोरून जावे लागे, आणि त्यामुळे ओळख टाळणे अशक्य होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इथे राहत कोण होते? फोर्टातल्या कचेऱ्या, न्यायालये, बँका, १८५७ साली स्थापन झालेले विद्यापीठ, छापखाने आणि शाळा यांत नोकरी करणारा माणूस गिरगावात राहिला तर पायी किंवा ट्रामने कामावर जाऊ शकत होता. कारकून, शिक्षक, वकील, कंपोझिटर, नट, वैद्य आणि छोटे दुकानदार असे लोक इथे दाटीने जमले. हा वर्ग श्रीमंत नव्हता, पण तो वाचत होता, वर्गणी देत होता आणि नाटकाचे तिकीट काढत होता. तुम्ही विचारले आहे की एवढ्या घटना इथेच का घडल्या, तर माझ्या मते त्याचे उत्तर इथे आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाला काय लागते? मांडवापुरते मोकळे अंगण, एकमेकांना ओळखणारी पन्नास-शंभर कुटुंबे आणि हिशेब ठेवणारी चार माणसे. चाळीत या तिन्ही गोष्टी आधीपासून होत्या. व्याख्यानमाला, वाचनालय, व्यायामशाळा, भजनी मंडळ, राजकीय सभा यांनाही हेच लागते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरगाव एवढ्या तीव्रतेने उतरले त्याचे कारणही यात आहे. निरोप पोहोचवायला एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत हाक पुरत होती.

केशवजी नाईकांच्या चाळीत गेलात तर तिथली गणेशमूर्ती लहान ठेवण्याची आणि विसर्जन पालखीतून करण्याची प्रथा विद्यार्थ्यांना अवश्य सांगा. टिळक १९०१ साली इथल्या उत्सवाला आले होते. आजच्या अजस्र मूर्तींच्या तुलनेत हा उत्सव किती घरगुती आकाराचा होता, हे ते अंगण पाहिल्याशिवाय उमजत नाही.

संस्थाही अशाच वाड्यांच्या पोटात सापडतील. १९३५ साली स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ आणि त्याचे डॉ. अ. ना. भालेराव नाट्यगृह केळेवाडीत आहे, आणि मराठी साहित्याचा एक मोठा कालखंड ज्या मौज प्रकाशनाने घडवला ते खटाववाडीतले. लेखक, मुद्रक, नट आणि प्रेक्षक एकाच पायवाटेने ये-जा करत असत. एखाद्या शहराच्या वाङ्मयीन इतिहासात एवढी जवळीक फार क्वचित आढळते आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटतो.

उत्तर: टेकू आणि तुळई

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे. वर वाडीकरांनी जे लिहिले आहे ते मान्य आहे, परंतु त्यात एक दुवा राहून गेला आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तो समजून घेतलाच पाहिजे. गिरगावातला हा शेजार तीन-चार पिढ्या टिकला तो केवळ जिव्हाळ्यामुळे नव्हे. तो भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे टिकला.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धकाळातली आणि फाळणीनंतरची टंचाई लक्षात घेता तो निर्णय त्या वेळी आवश्यक होता. पण ती तात्पुरती सोय पन्नास वर्षे चालली. भाडेकरूला काढता येत नाही आणि भाडे वाढवता येत नाही, अशा स्थितीत पागडीची पद्धत फोफावली: खोली सोडणारा आणि नवा येणारा यांच्यात मोठी रक्कम ठरायची, तिच्यातला वाटा घरमालकाला मिळायचा आणि भाडेपावती नव्या नावाने फाटायची. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने या व्यवहाराला कायदेशीर मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा दिली. मात्र मूळ भाडेच इतके कमी होते की त्या वाढीने इमारतीचा रंगसुद्धा निघत नाही.

परिणाम दुहेरी झाला. ज्या जागेची बाजारातली किंमत गगनाला भिडली होती तिथे निवृत्त शिक्षकाचे आणि गिरणी कामगाराच्या मुलाचे कुटुंब राहू शकले. हे या कायद्याचे देणे आहे आणि ते लहान नाही. त्याच वेळी घरमालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. गच्चीतून झिरपणारे पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकापर्यंत पोहोचते, तिथे सागवानही कुजते, आणि मग एक माळा खाली बसू लागतो. अनेक इमारती कोसळल्यानंतर शासनाने १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन केले आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर, म्हणजे जादा कर, बसवला. मूळ मुंबई बेटावरच्या शहरात असा उपकर भरणाऱ्या, म्हणजे उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या, आणि गिरगावाचा मोठा भाग त्यांत येतो. विद्यार्थ्यांना चाळीच्या तळमजल्यावर लोखंडी किंवा लाकडी टेकू दिसतील. ते काय आहेत आणि का आहेत, हे त्यांना जरूर समजावून सांगा. टेकू काही महिन्यांसाठी लावतात, परंतु काही ठिकाणी त्यांच्या सावलीत एक पिढी मोठी झाली आहे.

आता पुनर्विकासाविषयी. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) नुसार उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधता येते. जुन्या भाडेकरूंना किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे मालकीचे घर मिळते आणि विकासकाला विक्रीसाठी जादा बांधकाम करता येते. यातूनच गिरगावात मनोरे उभे राहत आहेत. माझा मनोऱ्यांना सरसकट विरोध नाही, कारण पडायला आलेल्या तुळईखाली झोपणाऱ्या माणसाला वारशाचे प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही. पण रचनेत काय बदलते ते पाहा. तळाला वाहनतळाचे मजले येतात, अंगण उचलले जाऊन सातव्या-आठव्या मजल्यावर जाते, गॅलरीच्या जागी उद्वाहनासमोरची बंद मोकळी जागा येते आणि वाडीचे तोंड सुरक्षारक्षकाच्या फाटकाने बंद होते. वाडीकरांनी सांगितलेली व्यवस्था ज्या तीन गोष्टींवर उभी होती, त्यांतल्या दोन इथे संपतात. अंगणाभोवती बेताच्या उंचीच्या इमारती आणि प्रत्येक मजल्यावर हवेशीर सामाईक गॅलरी ठेवून जुन्या रहिवाशांची घरे बांधणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. पण जमिनीचा भाव आणि विक्रीसाठीच्या जादा बांधकामाचे गणित ते होऊ देत नाही.

याच संदर्भात भुयारी मेट्रोही दाखवा. कुलाबा ते सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या मार्गिकेसाठी गिरगाव आणि काळबादेवी इथल्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि त्यांतल्या कुटुंबांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे ठरले. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव स्थानकातून प्रवासी ये-जा करत आहेत. ज्या वस्तीचा जन्म कामाच्या ठिकाणी पायी जाता येते म्हणून झाला, तिथे आता संपूर्ण शहर अर्ध्या-पाऊण तासावर आले आहे, आणि याचा जागेच्या किमतीवर काय परिणाम होईल हा विद्यार्थ्यांना निबंधासाठी उत्तम विषय आहे.

उत्तर: मुगभाटातली मुलगी

वरची दोन्ही उत्तरे वाचली आणि दोन्ही पटली, तरी त्यांत बायकांचे जगणे कुठे आले नाही म्हणून लिहिते आहे.

गॅलरीतल्या गप्पांचे वर्णन नेहमी होते. पहाटे चारला येणाऱ्या पाण्यासाठी कोण उठत होते, याचे फारसे होत नाही. माझी आई आणि शेजारच्या साऱ्या काकू पाणी भरून, डबे करून, मोरीतच आडोसा करून अंघोळ उरकून सकाळी सात वाजेपर्यंत दिवसाचे अर्धे काम संपवत. बाळंतीण, आजारी सासू आणि परीक्षेला बसलेले मूल एकाच खोलीत असे. रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत एकटीने जाण्याचे भय मला अजून आठवते. नव्या इमारतीत गेल्यावर आईला सर्वांत मोठा आनंद कशाचा झाला असेल, तर घरातल्या संडासाचा आणि दिवसभर येणाऱ्या पाण्याचा. चाळ पाडली म्हणून हळहळणाऱ्यांनी तिच्यासारख्या बायकांचा हा आनंद हलका लेखू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पण याच चाळीने मला जे दिले तेही सांगितले पाहिजे. चालत जाता येतील अशा मराठी शाळा होत्या, संध्याकाळच्या शिकवण्या होत्या, वाचनालय होते. वाटेवर प्रत्येक दुकानदार ओळखीचा असल्यामुळे मुलींना एकटे पाठवताना आईवडील कचरत नसत. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुली शिकून बँकांत, टपाल खात्यात आणि रुग्णालयांत नोकरीला लागल्या, कारण संध्याकाळी मूल कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न शेजारच्या दाराने सोडवला होता. पाळणाघर हा शब्द आमच्या माळ्यावर कोणी वापरत नव्हते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांपासून लपवू नका. हा शेजार सर्वांसाठी खुला नव्हता. पुष्कळ वाड्या आणि चाळी एकेका ज्ञातीच्या होत्या, खोली देताना आडनाव विचारले जाई, आणि दलित किंवा मुसलमान कुटुंबाला ती मिळणे अतिशय कठीण होते. प्रार्थना समाजाच्या मंदिरात जातिभेदाविरुद्ध उपदेश होत असताना हाकेच्या अंतरावर ही रीत चालू होती. गिरगावावर माझे प्रेम आहे, म्हणूनच हे सांगितल्याशिवाय त्याचे वर्णन पुरे होते असे मला वाटत नाही.

उत्तर: बोळातला वाटसरू

खोताच्या वाडीचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटले. गिरगाव म्हणजे फक्त हिंदू मध्यमवर्गाच्या चाळी, असा समज विद्यार्थ्यांचा होऊ नये यासाठी ही वाडी पाहणे आवश्यक आहे.

पाठारे प्रभू ज्ञातीतल्या एका खोताने आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि त्यातून ही वाडी आकाराला आली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी आणि वसईकडचे मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती. हे नाव त्यांनी १८८७ साली आपली संघटना स्थापन करताना स्वीकारले. घरे एक-दोन मजल्यांची, लाकडी, बाहेरून चढणाऱ्या जिन्याची, पुढे ओसरी आणि वर नक्षीदार कठड्याचा सज्जा. एकेकाळी अशी साठाहून अधिक घरे होती, आज त्यांच्या निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. मधल्या जागांवर उंच इमारती आल्या आहेत आणि उरलेल्या घरांवर त्यांची सावली पडते. खवय्यांना ठाऊक असलेले अनंताश्रमही याच वाडीत होते; ते आता बंद झाले आहे. वाडीत क्रूस आहे, नाताळात इथले बोळ सजतात आणि शेजारच्या वाड्यांतली मंडळी ते पाहायला येतात.

मला स्वतःला गिरगावाचा स्वभाव या सरमिसळीत अधिक दिसतो. वाडीतून बाहेर पडून उत्तरेकडे चालत गेले की सेंट तेरेसा चर्च, प्रार्थना समाज आणि रॉयल ऑपेरा हाऊस एकापाठोपाठ येतात. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेले हे ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले आणि काळजीपूर्वक केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०१६ साली पुन्हा उघडले. जुनी वास्तू वापरात ठेवूनच वाचवता येते, याचे ते चांगले उदाहरण आहे. मात्र त्यामागे एका संस्थानिक घराण्याची मालकी आणि मोठा खर्च होता हेही सांगावे, नाहीतर चाळींच्या बाबतीत तसे का होत नाही असा भाबडा प्रश्न मुले विचारतील.

एक विनंती. खोताच्या वाडीत दर आठवड्याला छायाचित्रे काढणारे लोक येतात. ती माणसांची राहती घरे आहेत. ओसरीवर चढू नये, दारातून आत डोकावून छायाचित्र घेऊ नये आणि वृद्ध रहिवाशांच्या दुपारच्या विश्रांतीच्या वेळी मोठा गट आत नेऊ नये.

प्रतिसाद: नाशिककर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मला हवे होते त्याहून अधिक मिळाले. भाडेनियंत्रणाचा मुद्दा आणि ज्ञातीनिहाय वाड्यांचा मुद्दा मी सहलीच्या आधीच वर्गात शिकवणार आहे, म्हणजे प्रत्यक्ष पाहताना मुलांना प्रश्न विचारता येतील. आता फक्त फेरीचा क्रम सुचवावा. गट चाळीस जणांचा आहे.

उत्तर: वाडीकर

चाळीस जण एकदम कोणत्याही वाडीत मावणार नाहीत आणि तिथल्या लोकांना त्रास होईल. तीन गट करा आणि प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक द्या.

सकाळी आठच्या सुमारास ठाकूरद्वारपासून सुरुवात करा. त्या वेळी वाड्या जाग्या असतात आणि रस्त्यावरची गर्दी अजून वाढलेली नसते. फणसवाडीत शिरून बोळांतून बाहेर पडा, मग जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने उत्तरेकडे चला. केशवजी नाईकांच्या चाळीत जायचे असल्यास तिथल्या मंडळाची परवानगी आधी घ्या. कारण सांगितले तर ती मंडळी आपुलकीने बोलतील. खोताची वाडी साडेदहापर्यंत पाहून घ्या. जेवणासाठी एकाच ठिकाणी सर्वांची सोय होणे कठीण आहे, म्हणून गटागटाने वेगवेगळ्या खानावळींत जा आणि आदल्या दिवशी संख्या कळवून ठेवा.

दुपारी प्रार्थना समाज आणि ऑपेरा हाऊस बाहेरून पाहून चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्यापाशी या. तिथे बसून चर्चा करता येईल. मुगभाटातल्या ताईंनी लिहिलेला मजकूर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, ही माझी सूचना. संध्याकाळी साहित्य संघात प्रयोग असेल तर त्याची तिकिटे आधीच काढून ठेवा आणि रात्रीच्या गाडीची वेळ त्यानुसार ठरवा. गणेशोत्सवाच्या आणि पाडव्याच्या दिवसांत मात्र या फेरीचा बेत करू नका. त्या दिवसांत गिरगाव पाहण्यासारखे असते, पण चाळीस विद्यार्थ्यांना काही समजावून सांगण्याइतकी जागा आणि शांतता कुठेही मिळणार नाही.